मुलगा खालच्या लीगमध्ये गेला. त्याला घरी बोलवू का?

कॅनडातल्या ओंटारियोमधून एका आईनं लिहिलेल्या लांब पत्राचा हा सारांश. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मुलगा एकवीस वर्षांचा, आईस हॉकीत डिफेन्समन, म्हणजे बचावपटू. सोळाव्या वर्षी घर सोडून ओंटारियो हॉकी लीगमध्ये, म्हणजे ओएचएल या ज्युनियर लीगमध्ये खेळायला गेला आणि दुसऱ्या गावी एका परक्या कुटुंबात राहिला. अठराव्या वर्षी एनएचएल या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब दरवर्षी तरुण खेळाडू निवडतात त्यात, चौथ्या फेरीत त्याचं नाव आलं. घरी पेढे वाटले गेले, नाशिकला आजीच्या सोसायटीतही. पुढे एनएचएल क्लबशी तीन वर्षांचा करार झाला आणि गेल्या मोसमापासून तो एनएचएलच्या खालच्या एएचएलमध्ये खेळू लागला. यंदा मात्र निम्म्या मॅचला त्याला वगळलं आणि जानेवारीत आणखी एक पायरी खाली, ईसीएचएलमध्ये पाठवलं. वडील म्हणतात, पाच वर्षं गेली ती गेली, आता परत ये आणि इंजिनिअरिंगला प्रवेश घे. मित्रांची मुलं वॉटर्लू विद्यापीठातून बाहेर पडून नोकरीलाही लागली. मुलगा फोनवर ‘आय अ‍ॅम फाइन’ एवढंच बोलतो. ड्रेसिंग रूममध्ये आपल्यासारखा दिसणारा तो एकटाच आहे, याचीही आईला काळजी वाटते. ती विचारते: त्याला परत बोलवू का? नाही तर किती दिवस वाट बघायची?

ताई,

तुमच्या घरातला निम्मा वाद करारातल्या आणि क्लबच्या व्यवहारातल्या गोष्टी नीट न कळल्यामुळे पेटलेला दिसतो, म्हणून आधी तेच उलगडते.

मुलाला ईसीएचएलमध्ये पाठवलं म्हणजे तो नापास झाला, असं तुम्ही दोघंही धरून चाललाय. तसं असूही शकतं. पण बऱ्याचदा घडतं ते असं. एनएचएल क्लबच्या संघात जास्तीत जास्त 23 जण, त्यात सात-आठ डिफेन्समन आणि मॅचला उतरतात सहाच. वरचा कुणी जखमी खेळाडू बरा होऊन परतला की एकाला खाली पाठवावं लागतं. अनुभवी माणसाला पाठवायचं तर आधी त्याचं नाव ‘वेव्हर्स’वर टाकावं लागतं, म्हणजे बाकीच्या 31 क्लबांपैकी कुणीही त्याला उचलून नेऊ शकतं. पहिल्या करारावरच्या पोरांना साधारणपणे यातून सूट असते. मग क्लब अनुभवी माणसाला जपतो आणि सूट असलेल्या पोराला एएचएलमध्ये धाडतो. तिथं आधीच आठ डिफेन्समन बसलेले असतात. नववा आला की त्यांच्यातला वयानं लहान कुणीतरी बॅग भरून ईसीएचएलची वाट धरतो. यात त्या पोराच्या खेळाचा भाग किती आणि गर्दीचा किती, हे बाहेरून कळत नाही. त्याच्या एजंटला ते विचारता येतं, पण विचारायचं मुलानं, तुम्ही नाही. त्या मुद्द्याकडे पुढे येते.

पगाराचंही तसंच. असा पहिला करार बहुधा दुहेरी असतो: वर खेळलात तर एक पगार, खाली खेळलात तर दुसरा. वरचा आकडा पेपरात छापून येतो (2025-26च्या मोसमात एनएचएलमधला किमान पगार 7 लाख 75 हजार अमेरिकन डॉलर होता) आणि नातेवाईक तोच धरून बसतात. खालचा आकडा साधारण सत्तर-ऐंशी हजार डॉलरच्या आसपास असतो, आणि त्यातून कर, एजंटचं कमिशन, उन्हाळ्यातल्या ट्रेनिंगचा खर्च जातो. म्हणजे तुमचा मुलगा श्रीमंत नाही आणि कंगालही नाही. एकवीस वर्षांचा मुलगा स्वतःचं भाडं स्वतः भरतोय. वॉटर्लूच्या मुलांशी तुलना करायचीच असेल तर ही बाजूही तागडीत टाका.

आता खेळाचं. एएचएलमध्ये वगळलेला खेळाडू म्हणून कोट-टाय घालून प्रेक्षकांत बसण्यापेक्षा ईसीएचएलमध्ये मॅचला वीस-बावीस मिनिटं बर्फावर असणं डिफेन्समनसाठी कितीतरी चांगलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. या जागेचा खेळच तसा आहे. एक प्रसंग बघा. समोरच्या संघानं पक (खेळायची रबरी चकती) तुमच्या मुलाच्या मागच्या कोपऱ्यात टाकला. त्याला वळून, मैदानाकडे पाठ करून पकमागे धावायचंय आणि नव्वद किलोचा फॉरवर्ड त्याच्या मागावर सुटलाय. पकपाशी पोचण्याआधी तो एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघतो, एकदा उजव्या. त्या दोन नजरांत सगळं ठरवायचं असतं. पक बोर्डवरून, म्हणजे कडेच्या भिंतीवरून, उलटा जोडीदाराकडे सोडायचा, जाळीमागून वळसा घेऊन बाहेर पडायचं, की धक्का अंगावर घेऊन मधे उभ्या असलेल्या सेंटर फॉरवर्डला पास द्यायचा? चुकलं तर दोन सेकंदांत गोल खाल्लेला असतो. जमलं तर काहीच घडत नाही. टाळी पडत नाही, गोल-असिस्टच्या (असिस्ट म्हणजे गोलाला हातभार लावणारा पास) रकान्यात काही चढत नाही, खेळ नुसता पुढे सरकतो. विकेटकीपरचं असतं तसंच: बाय गेली की अख्खं मैदान बघतं, दिवसभर चेंडू नीट अडवले त्याची आठवण कुणाला राहत नाही.

ही नजर सरावात थोडीफार येते, पण खरी येते ती मॅचमध्ये, शेकडो वेळा तो प्रसंग अंगावर आल्यावर. प्रेक्षकांत बसून ती येत नाही. तुमचे यजमान मॅच बघतात आणि गोल-असिस्टचे आकडे वाचतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सांगा, पुढच्या मॅचला एक अख्खा पीरियड पक बघूच नका, फक्त पोराकडे बघा. पक लांब असतो तेव्हा तो कुठे उभा असतो, किती वेळा मान वळवतो, समोरचा अंगावर येताना काठीएवढं अंतर राखतो की घाबरून मागे सरत जातो. वीस मिनिटांत त्यांना मुलाबद्दल जे कळेल ते मोसमभराच्या आकड्यांतून कळणार नाही.

डिफेन्समन उशिरा पिकतात असं हॉकीतली माणसं म्हणतात, आणि त्याला आधार आहे. निकलास लिडस्ट्रॉम 1989 मध्ये 53व्या क्रमांकावर निवडला गेला आणि आणखी दोन वर्षं स्वीडनमध्येच खेळला. सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी त्यानं सात वेळा जिंकली, पण पहिली मिळाली तेव्हा तो 31 वर्षांचा होता. मार्क जिओर्डानो तुमच्याच ओंटारियोतला. तो ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही, मधे एक मोसम मॉस्कोला जाऊन खेळला, परत आला, कॅलगरीचा कॅप्टन झाला आणि 2019 मध्ये 35व्या वर्षी नॉरिस घेऊन गेला. तुमच्या मुलाच्या वाटेच्या सगळ्यात जवळचा माणूस मात्र डेरिक एंगलंड. सहाव्या फेरीत निवड, मग ईसीएचएलमध्ये वणवण, लास व्हेगासमधल्या तेव्हाच्या छोट्या संघातही दोन मोसम. एनएचएलची पहिली मॅच मिळाली 2009 मध्ये, वयाच्या 27व्या वर्षी. त्यानंतर तो वर साडेसहाशेहून जास्त मॅच खेळला. 2017 मध्ये लास व्हेगासला एनएचएलचा नवा संघ आला तेव्हा शहरात नुकताच भीषण गोळीबार होऊन गेला होता. घरच्या पहिल्या मॅचआधी माइक हातात घेऊन शहराशी बोलला तो एंगलंड, आणि त्या रात्री गोलही केला त्यानं.

पण ताई, या गोष्टी तुम्हाला मुलाचे प्रशिक्षक सांगतील, एजंट सांगेल, आता मीही सांगितल्या. आणि तिथंच थांबले तर ती फसवणूक होईल. ईसीएचएलमधून पुढे एनएचएलमध्ये खेळलेले सातशेहून जास्त जण आहेत हे खरं, पण ही लीग 1988 पासून चालू आहे आणि तिथूनच घरी गेलेल्यांची मोजदाद कुणी करत नाही. एनएचएलचे क्लब 32. सगळे एकाच रात्री खेळले तरी डिफेन्समनच्या जागा भरतात 192. दर ड्राफ्टमध्ये 224 नावं निवडली जातात आणि चौथ्या फेरीतल्या बहुतेक मुलांची एनएचएलमध्ये कारकीर्द म्हणावी अशी होत नाही. पेढ्यांच्या दिवशी हे कुणी सांगितलं नसणार. वरच्या फेरीचीही हमी नसते: 2012 मध्ये पहिल्याच फेरीत, एकूण चौथ्या क्रमांकावर घेतलेला एक डिफेन्समन एनएचएलमध्ये एकूण 37 मॅच खेळला.

म्हणून एक गोष्ट तुम्ही दोघांनी निवांत बसून बोलायला हवी. मुलगा एनएचएलमध्ये गेला तरच पाच वर्षं सार्थकी लागली, हे कुणी ठरवलं? स्वीडन, फिनलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड इथल्या वरच्या लीगांमध्ये उत्तर अमेरिकेतले कितीतरी खेळाडू तिशी ओलांडेपर्यंत चांगल्या पगारावर खेळतात. बऱ्याच क्लबांच्या करारात राहायला फ्लॅट आणि वापरायला गाडीही असते. तिथली मैदानं रुंद, धक्काबुक्की जरा कमी. आपल्या भागातून पक बाहेर काढणारा पहिला पास नीट देणाऱ्या डिफेन्समनला तिथं मान आहे. आपल्या लोकांत ही वाट माहीतच नसते, कारण तिची बातमी होत नाही.

आता शिक्षणाचं, जिथं मी तुमच्या यजमानांच्या बाजूची आहे. त्यांची काळजी रास्त आहे. एक गुडघा गेला की खेळ संपतो, आणि चोविसाव्या वर्षी हातात बारावीच असेल तर अवघड जातं. त्यांचं चुकतंय ते एवढंच, की अभ्यास करायचा तर हॉकी सोडायलाच हवी असं त्यांनी गृहीत धरलंय. अल्बर्टातलं अथाबास्का विद्यापीठ दूरशिक्षणासाठीच आहे. एका वेळी एक विषय घेता येतो, परीक्षा ऑनलाइन देता येतात आणि बसच्या लांब प्रवासात खेळाडूंना वेळच वेळ असतो. एएचएल आणि ईसीएचएलच्या खेळाडूंची पीएचपीए ही युनियन आहे. खेळानंतरच्या करिअरसाठी मदत करणारा तिचा कार्यक्रम आहे आणि तुमचा मुलगा तिचा सभासद असणार. ओएचएलमध्ये काढलेल्या दर मोसमामागे एका वर्षाच्या कॉलेजचा खर्च मिळतो, पण त्याला मुदत आणि अटी असतात आणि व्यावसायिक करार केल्यावर चित्र बदलतं. त्याच्या बाबतीत काय शिल्लक आहे ते एजंटकडून लेखी मागवायला सांगा. तोंडी ‘बघू’वर राहू नका.

अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार मात्र एनएचएलच्या करारावर सही केली तेव्हाच बंद झालं. हा परिच्छेद खरं तर तुमच्यासाठी नाही, ज्यांची मुलं आज पंधरा-सोळा वर्षांची आहेत त्यांच्यासाठी आहे. पूर्वी ओएचएलमध्ये एक मॅच खेळली तरी अमेरिकन कॉलेज संघाची पात्रता धोक्यात यायची, म्हणून घरोघर ‘ओएचएल की कॉलेज’ हा तंटा व्हायचा. 1 ऑगस्ट 2025 पासून नियम बदलला. आता ओएचएल खेळून पुढे कॉलेजमध्ये जाता येतं. आजचे नावाजलेले डिफेन्समन बघा: केल मकार ड्राफ्टनंतर दोन वर्षं मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठात खेळला, अ‍ॅडम फॉक्स तीन वर्षं हार्वर्डला. दोघांनी नंतर नॉरिस जिंकली. अंगात ताकद भरायला वीस-एकवीसपर्यंतचा अवधी मिळतो आणि डिग्रीही सुरू होते. अठराव्या वर्षी कुणी करार पुढे केला की घाईनं पेन काढू नका, एवढंच या पालकांना सांगते.

परत तुमच्याकडे. ‘बोलवू का’ हा तुमचा प्रश्न मला खटकला, तो अशासाठी की मुलगा एकवीस वर्षांचा आहे आणि करारावर सही त्याची आहे. मोसमाच्या मधे तो निघून आला तर क्लब त्याला पगाराविना निलंबित करू शकतो आणि करार चालू असेपर्यंत हक्क क्लबकडेच राहतात. दुसरीकडे खेळायची सोयसुद्धा उरणार नाही. कराराचं अजून दीड वर्ष आहे असं तुम्ही लिहिलंय. तेवढा वेळ त्याला द्या, आणि मनापासून द्या. दर रविवारी घड्याळ दाखवून दिलेला वेळ त्याला पुरणार नाही.

दरम्यान कशाकडे बघायचं? गोलांकडे नाही. तो शेवटच्या पाच मिनिटांत, संघ एका गोलानं पुढे असताना बर्फावर असतो का? संघाचा माणूस शिक्षा होऊन बाहेर बसला की चौघांत कोच त्याला उतरवतो का? एनएचएल क्लबचे डेव्हलपमेंट कोच खालच्या लीगमधल्या आपल्या पोरांना भेटायला फिरत असतात. ते त्याच्याकडे येतात का, व्हिडिओ घेऊन बसतात का? येत असतील तर क्लबनं त्याला सोडलेलं नाही. महिनोन्महिने कुणी फिरकलंच नाही तर तेही एक उत्तर आहे. मोसम संपल्यावर प्रत्येक खेळाडूची कोच आणि व्यवस्थापकाशी बैठक होते. त्यात काय सांगितलं ते त्याला शब्दशः लिहून ठेवायला सांगा, कारण चार दिवसांनी आपल्याला हवं तेवढंच आठवतं. आणि करार संपतो त्या उन्हाळ्यात क्लब त्याच्यावरचा हक्क राखण्यासाठी ठरलेल्या मुदतीत नवा प्रस्ताव देतो की नाही, यात सगळ्यात स्पष्ट उत्तर आहे. नाही दिला तर तो मोकळा होईल. तेव्हा दुसरा एनएचएल क्लब, एएचएलचा थेट करार, युरोप किंवा पूर्णवेळ कॉलेज, या चारही गोष्टी टेबलावर मांडून बोला. तेव्हा तो तेवीसच्या आत-बाहेर असेल. इंजिनिअरिंगच्या वर्गात तेवीस वर्षांचा विद्यार्थी बसलेला कॅनडात कुणाला वेगळं वाटत नाही. ते फक्त आपल्या गेट-टुगेदरमध्ये वाटतं.

‘आय अ‍ॅम फाइन’बद्दल. फोनवर तुम्ही त्याला काय विचारता हे पत्रातच आहे: वर कधी घेणार, कोच काय म्हणाला, सामान घेऊन परत कधी येतोस. यातल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याच्या हातात नाहीत आणि तिसरा म्हणजे टोमणा आहे. असल्या प्रश्नांना कुणीही ‘फाइन’च म्हणेल. खोलीत कोण असतं, जेवण कोण करतं, पोहे तिथं मिळतात का, जोडीदार डिफेन्समन कसा आहे, हे विचारा. आणि यजमानांना काही आठवडे तरी वॉटर्लूचं नाव काढायला बंदी करा.

एका बाबतीत मात्र त्याच्या मर्जीची वाट बघू नका. डोक्याला मार. तरुण डिफेन्समन दुखणं लपवतात, कारण जागा गेली तर परत मिळत नाही ही भीती असते, आणि खालच्या लीगमध्ये ती जास्तच. मार लागल्यावर उजेड सहन होत नाही, बोलताना शब्द सुटतात, झोप बिघडलीये, उगाच चिडतो, असं काही जाणवलं तर स्पष्ट विचारा, आणि संघाच्या डॉक्टरपासून लपवलंय असं कळलं तर तिथं आईपणाचा हक्क बजावा. तुटलेलं हाड जुळतं. मेंदूला पुन्हा पुन्हा बसलेल्या धक्क्यांचं तसं नसतं.

तो एकटाच सावळा आहे या काळजीवर मी फार लिहीत नाही, ते त्यालाच विचारायला हवं. कदाचित त्याला ते जाणवत असेल, कदाचित तुम्हालाच जास्त. वाट अगदी कोरी मात्र नाही. रॉबिन बावा 1989 मध्ये एनएचएलमध्ये खेळला, मग मॅनी मल्होत्रा, जुझार खैरा आले. अर्शदीप बैन्सला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. तो 2024 मध्ये व्हँकुव्हरकडून एनएचएलमध्ये उतरला. पुढच्याच वर्षी अ‍ॅबट्सफर्डनं एएचएलचा कॅल्डर कप जिंकला तेव्हा संघात बैन्स होता आणि कोच होता मल्होत्रा. ही सगळी पंजाबी वंशाची मुलं आणि सगळे फॉरवर्ड, पण तुमच्या मुलाला ती नावं तुमच्याआधी ठाऊक असतील.

मार्चमध्ये त्याला भेटायला जायचं म्हणताय, जरूर जा, दोघंही जा. शुक्रवार-शनिवार-रविवार ओळीनं तीन मॅच असलेला आठवडा निवडा. ईसीएचएलमध्ये असे बरेच असतात. रविवारची मॅच नीट बघा, पाय जड झाल्यावर कोण कसा खेळतो ते तिथं दिसतं. जेवायला त्याला मॅचनंतर न्या, आधी नको. आणि मॅचच्या दुपारी फोन करू नका, त्या वेळी खेळाडू झोपलेले असतात.